उरक आणि खोळंबा

लग्नघरात एखादी मावशी अशी असते, की ती आली की अडलेली कामे हलू लागतात. ती धावपळ करत नाही, आवाजही चढवत नाही. नारळ सोलणाऱ्यांच्या पुढ्यात आधी पोते पसरून ठेवते, आहेराची यादी करणाऱ्याच्या हातात पेन देते, आणि दुपारी सगळे आडवे झाले की स्वतःही घटकाभर टेकते. तिच्याबद्दल बायका एवढेच म्हणतात : 'तिला कामाचा उरक आहे.'

ज्या विषयाला आता 'वैयक्तिक उत्पादकता' असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याच्या या ओळखपुस्तकाची सुरुवात मला याच शब्दापासून करायची आहे. 'उत्पादकता' कारखान्यातून आली. तासाला किती नग पडले, हा तिचा प्रश्न. 'उरक' घरातून आला. उरक म्हणजे वेग नव्हे. वेगाने काम करणाऱ्या माणसाला आपण धसमुसळाही म्हणतो. हातातले काम असे संपवायचे, की ते पुन्हा हातात घ्यावे लागू नये, हा उरक. त्याच्या आसपासचे शब्दही आपल्याकडे तयार आहेत : हातासरशी, निगुतीने, टापटीप, आणि उलट बाजूला चालढकल, चेंगटपणा, दिरंगाई. इंग्रजी पुस्तकांत ज्याला मोठमोठ्या पद्धतींची नावे दिली आहेत, त्यातले बरेचसे आमच्या आजीच्या 'हातासरशी करून टाक' या एका वाक्यात बसते.

या यादीत मुद्दाम मागे ठेवलेला एक शब्द आहे : खोळंबा. हा विषय शिकवणारे बहुतेक लोक उरकाबद्दल बोलतात. मी कसा झटपट होईन, माझ्या दिवसात आणखी काय मावेल, वगैरे. मला वाटते, विषयाचे खरे दार खोळंब्याच्या बाजूला आहे. काम कुठे अडते, कोणासाठी अडते आणि अडवतो कोण, हे पाहिल्याशिवाय उरकाबद्दल बोलणे म्हणजे नळ न दुरुस्त करता बादल्या मोजत बसणे. हे मी ज्या माणसाकडून शिकलो तो चेन्नईचा, आणि म्हणून ही प्रस्तावनाही चेन्नईतून.

शिवाय हे शहर या विषयाला साजेसे आहे. तमिळमध्ये तरतरीत, कामाळू माणसाला लावायचा शब्द आहे 'सुरुसुरुप्पु'. नुसता कानावर पडला तरी मुंग्यांची रांग डोळ्यांपुढे येते. उन्हामुळे इथला दिवस लवकर सुरू होतो आणि पहाटेच्या फिल्टर कॉफीनंतरचे दोन तास हे शहर जपून वापरते. पाडीच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने 1998 साली जपानचे गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक मिळवले. भारतातल्या कंपनीला ते पहिल्यांदाच मिळत होते. पण मी वाचकाला कारखान्यात नेणार नाही. मी नेणार आहे मरीना किनाऱ्यालगतच्या चेपॉकला, मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. जन्म 1892, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचा. जानेवारी 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. वर्गातल्या पोरांची सवय असलेल्या माणसाला पुस्तकांच्या त्या शांततेत करमेना. मला परत कॉलेजात घ्या, असे म्हणत ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले, अशी हकिकत सांगतात. आधी लंडनला जाऊन या, मग पाहू, असे उत्तर मिळाले. ते गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकता शिकता त्यांनी इंग्लंडमधली शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली आणि 1925 मध्ये परतले ते पुन्हा कॉलेजचे नाव न काढण्यासाठी. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले होते. मोजक्या पट्ट्या आणि स्क्रू. त्यातून हवी ती वस्तू जोडायची. पुस्तके विषयवार लावण्याच्या त्यांच्या 1933 सालच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे बीज त्या खेळण्यात होते, असे ते स्वतःच सांगत.

त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 साली मद्रास ग्रंथालय संघाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. (त्याच वर्षी मे महिन्यात बीच ते तांबरम विजेची गाडी धावू लागली. शहराला एकाच वर्षात वेळ वाचवण्याचे दोन मार्ग मिळाले, असे मी गमतीने म्हणत असतो.) पाचांपैकी चौथा नियम वाचकाच्या वेळेबद्दलचा आहे : तो वाचला पाहिजे. वाक्य इतके साधे, की कोणीही मान डोलवून पुढे जावे. रंगनाथन पुढे गेले नाहीत. वाचक दारातून आत येतो तिथपासून पुस्तक घेऊन बाहेर पडतो तिथपर्यंत त्याच्या मागे मागे जा, आणि प्रत्येक पायरीवर त्याचा वेळ कुठे जातो ते पाहा, अशी त्यांची रीत होती.

त्या काळच्या ग्रंथालयात हे करून पाहिले तर काय दिसे? वाचक यादीत शोधतो. चिठ्ठी भरतो. चिठ्ठी शिपायाकडे जाते. वाचक बाकावर बसतो. शिपाई कपाटांमागे नाहीसा होतो. पुस्तक येते, ते हवे ते नसते. पुन्हा चिठ्ठी. यात ग्रंथपाल आळशी नाही, शिपाई आळशी नाही, वाचक तर नाहीच नाही. तिघेही आपापले काम नेटाने करत आहेत, आणि तरी एक सकाळ वाया गेली आहे. खोळंबा माणसांत नसून माणसांच्या मधल्या जागेत आहे. उपाय होता कपाटे वाचकाला उघडी करण्याचा. पण कपाटे उघडली की पुस्तके अशी लावायला हवीत, की अनोळखी माणसालाही एका विषयाशेजारी त्याच्या जवळचाच विषय सापडावा. म्हणजे वर्गीकरण आले. जास्त मागणीची पुस्तके दाराजवळ हवीत. म्हणजे मांडणी आली. एका नियमाचे टोक धरून ओढत गेले की सगळे शास्त्र बाहेर येते. 1935 साली त्यांनी ग्रंथालय-व्यवस्थापनावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात कामांचे इतके बारीक तुकडे पाडले आहेत, की वाचताना कधी हसू येते आणि कधी आपल्याच टेबलाची लाज वाटते.

याच्याशेजारी अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरला ठेवून पाहावे. त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक 1911 सालचे. त्यात फ्रँक गिलब्रेथने विटा रचणाऱ्या गवंड्याच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्याची हकिकत आहे. वीट रचताना दर खेपेला पायाशी वाकायचे कशाला? विटांचा ढीग कमरेच्या उंचीवर आणा. यात गवंड्याची पाठही वाचते, हे खरे. पण टेलरच्या हातातले घड्याळ कामगारावर रोखलेले होते, रंगनाथनांचे व्यवस्थेवर. टेलर विचारतो, हा माणूस आणखी किती करील? रंगनाथन विचारतात, हा माणूस इथे थांबला का आहे? गेल्या शंभर वर्षांत या विषयावर जे जे लिहिले गेले, ते या दोन प्रश्नांपैकी कोणत्या बाजूचे आहे हे एकदा ओळखता आले, की वाचकाला दुकानातली निम्मी पुस्तके परत ठेवता येतात. दिवसातून किती तास 'फलदायी' गेले ते दाखवणारी मोबाइलवरची बहुतेक साधने टेलरच्या वंशातली. फरक इतकाच, की आता मुकादम आणि मजूर एकाच अंगात राहतात.

आता कोणी म्हणेल, ग्रंथालयात वाचक असतो. माझ्या टेबलावर मी एकटाच. माझा वाचक कोण?

उत्तर मला एका फजितीतून मिळाले. काही वर्षांपूर्वी माझ्या डायरीत मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते : 'रावांना फोन. तातडीचे.' तीन आठवड्यांनी ते पान पुन्हा उघडले. चेन्नईत राव किती! तंजावरी मराठी राव, तेलुगू राव, मंगळूरकडचे राव. माझ्या ओळखीतच पाच-सहा. कोणत्या रावांना, कशाबद्दल, कोणाच्या सांगण्यावरून? लिहिणाऱ्या मला सगळे ठाऊक होते. वाचणाऱ्या मला काहीच नव्हते. लिहिताना चार सेकंद वाचवले आणि नंतर दोन रावांना विनाकारण फोन केले. त्यांतल्या एकाने पाऊण तास गप्पा मारल्या. तिसरे राव बरोबर निघाले, पण तोवर काम हुकले होते.

माझा वाचक म्हणजे उद्याचा मी. आज मी ग्रंथपाल आहे : कागद ठेवतो, फायलींना नावे देतो, नोंदी करतो. उद्या मीच अनोळखी वाचक होऊन येणार आहे, आणि कालच्या ग्रंथपालाला काय ठाऊक होते ते विसरून येणार आहे. रोजच्या कामातला वाया जाणारा वेळ खोदून पाहिला, तर त्यात आळस थोडा आणि हा आतला खोळंबा जास्त सापडतो.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. मोडी लिपी लिहिणाऱ्याच्या सोयीची : हात न उचलता सरसर लिहीत जायचे. दरबारी कारकुनाचा उरक तिने वाढवला यात शंका नाही. पण तिचे सगळे ओझे पडते वाचणाऱ्यावर. तंजावरच्या भोसल्यांचा मोडी दफ्तराचा केवढा ठेवा मागे आहे, आणि तो वाचू शकणारी माणसे किती थोडी! लिहिणाऱ्याने वाचवलेल्या घटका आज अभ्यासकांची वर्षे खात आहेत. याउलट दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि तिथे समर्थांनी बाळबोध अक्षराचा आग्रह धरला आहे. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हाताचे वाटावे, पानाच्या चहूकडे जागा सोडावी. का, तर कड झिजली, कागद झडला, तरी मजकूर शाबूत राहावा. आपण मेल्यावर ही पोथी कोणाच्या तरी हातात पडणार आहे, हे धरून दिलेला हा सल्ला आहे. मी तो व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतो. मुले आधी हसतात आणि मग आपापल्या फायलींची नावे बदलतात.

गेल्या शतकातल्या मानसशास्त्राने यात मोलाची भर घातली. ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली बर्लिनमधून एक निष्कर्ष प्रसिद्ध केला : अर्धवट सोडलेली कामे पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे सगळ्यांनाच तो निकाल तसाच मिळाला असे नाही, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. पण 2011 मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलेली गोष्ट रोजच्या अनुभवाला जुळते. अपुरे काम मनात टोचत राहते. ते पुरे केले नाही, पण केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी टोचणी कमी होते. म्हणजे यादी करणे पुरेसे नाही. 'रावांना फोन' ही यादी झाली. 'मंगळवारी दहा वाजता, मैलापूरच्या रावांना, भाड्याच्या पावतीबद्दल' हे ठरवणे झाले. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली : एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. आपल्या भाषेत, एक पाय दुसऱ्याच्या अंगणात. फ्रान्सिस्को चिरिल्लोने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडले, तेही याच रेंगाळण्यावरचा एक उपाय म्हणून पाहता येईल. कोणाला पंचवीस मिनिटे लाभतात, कोणाला नव्वद. आकड्याची पूजा करू नये.

दुसऱ्यांच्या खोळंब्याकडे वळायचे तर मद्रासच्याच एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. राजा सर टी. माधवराव. जन्म 1828, कुंभकोणम. तंजावरी मराठी घराणे. शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. 1881 साली, अठरा वर्षांच्या सयाजीराव गायकवाडांच्या हाती कारभार येण्यापूर्वी, माधवरावांनी त्यांना काही व्याख्याने दिली आणि ती इंग्रजीत छापली गेली. नाव नम्र होते, 'मायनर हिंट्स'. राज्यकारभाराचे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते, पण मी ते कामाच्या सवयींचे पुस्तक म्हणून वाचतो. राजाने कोणत्या गोष्टीत हात घालावा, कोणती लायक माणसावर सोपवून मोकळे व्हावे, ही त्याची मुख्य काळजी आहे. कारण ज्या टेबलावर सगळे कागद सहीसाठी येतात, ते टेबल म्हणजेच राज्याचा खोळंबा. आपल्यापैकी प्रत्येकजण कुठल्यातरी छोट्या बडोद्याचा राजा असतो. आपल्या 'पाहतो' या एका शब्दावर चार जणांची दुपार टांगलेली असते. माधवरावांच्या त्या शिष्याने पुढे 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. माधवराव 1891 मध्ये मैलापूरला वारले. रंगनाथन तेव्हा जन्मायचे होते.

आता विषयाची हद्द सांगायला हवी, कारण हद्द न सांगता पाहुण्याला घरात घेणे बरे नव्हे. 1 मार्च 1912 रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात तीस रुपये पगारावर एक कारकून लागला. श्रीनिवास रामानुजन. त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिती होते. त्यांनी आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या कारकुनाला हिशेबाच्या मापाने मोजले नाही, ही त्यांची थोरवी. कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर आकडेमोड करत आणि कोपराने पुसत. पुढच्या वर्षी मद्रास विद्यापीठाने पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तीही तिमाही अहवालाच्या अटीवर! रामानुजन यांनी अहवाल दिलेही. पण त्या माणसाची उत्पादकता कोणत्या तक्त्यात बसवायची? पुढे त्यांचे चरित्र लिहिणारे एक लेखक म्हणजे हेच रंगनाथन. वाचकाचे मिनिट मिनिट वाचवणाऱ्या माणसाला ठाऊक होते, की वाचवलेला वेळ शेवटी कोणाच्यातरी पाटीवरच्या भटकंतीसाठी असतो.

रंगनाथन स्वतः मात्र अनुकरणीय नव्हेत, आणि हे त्यांच्या चाहत्यानेच सांगितलेले बरे. वर्षानुवर्षे सुटी न घेता ते ग्रंथालयात राबत; स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही कामावर हजर झाले, असे सांगतात. मला यात कौतुक दिसत नाही. घरच्या माणसांचा खोळंबा हाही खोळंबाच. तो मोजायला त्यांच्या शास्त्रात रकाना नव्हता. हा रकाना आपल्या विषयात अजूनही रिकामाच आहे. रेशनच्या रांगेत, नळावर, दवाखान्याच्या बाकावर कोण किती थांबते, याचा हिशेब उत्पादकतेची पुस्तके करत नाहीत, आणि लग्नघरातल्या त्या मावशीला तर यांतल्या एकाही पुस्तकाच्या नामसूचीत जागा नाही.

मुंबईचे डबेवाले या प्रस्तावनेत का नाहीत, असे मराठी वाचक विचारील. त्यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे, की आता त्यांना शांतपणे डबे पोचवू द्यावेत. आणि 1955 साली 'इकॉनॉमिस्ट'मध्ये पार्किन्सनने मांडलेला सिद्धान्त, की जितका वेळ हाताशी असेल तितके काम फुगते, तो पुढे येईलच. हा लेखक तेव्हा सिंगापूरला इतिहास शिकवत होता, एवढे इथे नोंदवतो, कारण या विषयातले चांगले लिखाण बहुधा दुसऱ्याच विषयाच्या माणसांनी केले आहे. गणिती, दिवाण, इतिहासकार. तुम्ही शिक्षक असाल, परिचारिका असाल, सोवकारपेठेत गलाईच्या भट्टीपाशी बसणारे खानापूर-आटपाडीकडचे कारागीर असाल, तर तुमचेही इथे काम आहे. सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून जागेवरची धूळसुद्धा जपून गोळा करणाऱ्याला खोळंबा शोधायला शिकवावे लागणार नाही.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. पण वाचण्याआधी एक दिवस एकाच कागदाच्या मागे जा : तुमच्याकडे आलेला एखादा अर्ज, बिल, निरोप, काहीही. तो कुठे आला, कुठे पडून राहिला, कोणाच्या उत्तरासाठी थांबला, कितीदा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला, हे संध्याकाळी लिहून काढा. या पुस्तकाला त्याहून चांगले पहिले प्रकरण मला लिहिता आलेले नाही.

पानांचे समास मुद्दाम रुंद ठेवायला सांगितले आहेत. चुका सापडतील, मतभेद होतील. तिथेच लिहा आणि जमले तर मला कळवा. फक्त लिहिताना तारीख घाला, आणि रावांचा उल्लेख असेल तर कोणते राव, तेही.